दृश्यप्रकाश-उत्प्रेरण आणि पाण्यातील औषधी प्रदूषके

दृश्यप्रकाश-उत्प्रेरण : प्रकाशाचे शोषण करून, स्वतः कायमचा न बदलता, इतर पदार्थांतील रासायनिक विक्रियेचा वेग वाढविणाऱ्या पदार्थास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाऐवजी सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने ही क्रिया घडत असेल, तर तिला दृश्यप्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळलेल्या औषधी द्रव्यांचे अपघटन (रेणूचे तुकडे होऊन साधे पदार्थ बनण्याची क्रिया) करणे हा या क्रियेच्या संशोधनाचा एकविसाव्या शतकातील एक प्रमुख विषय होय. त्याच्या इतिहासात तीन स्वतंत्र प्रवाह एकत्र आले आहेत : जलप्रवाहांतील औषधी अवशेषांचा शोध, अर्धसंवाहकांच्या प्रकाशरासायनिक गुणधर्मांचा अभ्यास आणि सूर्यप्रकाशाचा जास्तीत जास्त भाग वापरण्याची खटपट. अधिक प्रकाश शोषणारा पदार्थ अधिक प्रभावी ठरेल, ही आरंभीची अपेक्षा होती. ती अंशतःच खरी ठरली. त्यामागील कारणे हा या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

औषधी अवशेषांचा शोध : सेवन केलेल्या औषधाचा काही भाग शरीरातून मूळ स्वरूपात वा थोड्याफार बदललेल्या स्वरूपात मलमूत्रावाटे बाहेर पडतो व वाहितमलात मिसळतो. सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने केले जाणारे नेहमीचे वाहितमल संस्करण हे सहज कुजणाऱ्या कार्बनी द्रव्यांसाठी योजलेले असते. शरीरात टिकून राहावा अशा बेताने बनविलेला औषधाचा रेणू त्यातून पुष्कळदा निसटतो. अमेरिकेतील कॅन्झस सिटी येथील वाहितमलाच्या निःस्रावात क्लोफायब्रिक अम्ल (रक्तातील मेदद्रव्ये कमी करणाऱ्या क्लोफायब्रेट या औषधापासून शरीरात बनणारे द्रव्य) व सॅलिसिलिक अम्ल आढळल्याचे सी. हिग्नाइट व डी. एल्. ॲझरनॉफ यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील एम्. एल्. रिचर्डसन व जे. एम्. बाउरन यांनी १९८५ मध्ये औषधी द्रव्यांच्या जलीय पर्यावरणातील वाटचालीचा आढावा घेतला. तथापि या निष्कर्षांकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही.

१९९० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये पाण्यातील तणनाशकांचा शोध घेत असताना क्लोफायब्रिक अम्ल पिण्याच्या पाण्यातही सापडले. हे द्रव्य मेकोप्रॉप या तणनाशकाचे समघटक (रेणुसूत्र तेच, पण अणूंची मांडणी वेगळी असलेले) आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान या पद्धतींची संवेदनक्षमता वाढल्याने लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके अल्प प्रमाणही मोजता येऊ लागले. टी. ए. टेर्नेस यांनी १९९८ मध्ये जर्मनीतील वाहितमल संस्करण केंद्रे व नद्या यांतील औषधांची विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९९–२००० या काळात ३० राज्यांतील १३९ जलप्रवाहांचे नमुने ९५ द्रव्यांसाठी तपासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ८० टक्के प्रवाहांत यांपैकी निदान एक तरी द्रव्य आढळले. अपस्मारावरील कार्बामॅझेपिन, वेदनाशामक डायक्लोफेनॅक, प्रतिजैव पदार्थांपैकी सल्फामेथॉक्साझोल आणि गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल एस्ट्राडायॉल ही नावे पुढे या विषयात वारंवार येऊ लागली.

प्रश्नाची दुसरी बाजू औषधांच्या वापरात नसून उत्पादनात आहे. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे सु. ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी स्वीकारणाऱ्या सामायिक संस्करण केंद्राच्या निःस्रावात सिप्रोफ्लॉक्सॅसीन या प्रतिजैव पदार्थाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे डी. जी. जे. लार्सन व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. शहरी वाहितमलात हेच द्रव्य सामान्यतः लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या (ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या) पातळीवर वा त्याहून कमी असते. प्रतिजैव पदार्थांच्या सतत सान्निध्यामुळे त्यांना दाद न देणाऱ्या सूक्ष्मजंतूंची निवड होऊन त्यांची वाढ होते. त्यामुळे हा प्रश्न जलप्रदूषणापुरता न राहता सार्वजनिक आरोग्याचा झाला.

प्रकाश-उत्प्रेरणाचा प्रारंभ : प्रकाशात झिंक ऑक्साइडाच्या सान्निध्यात प्रशियन ब्ल्यू हे रंगद्रव्य फिके पडते, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ए. आइबनर यांनी १९११ मध्ये नमूद केले. सी. रेंट्स यांना १९२१ मध्ये असे आढळले की, ग्लिसरीन असताना सूर्यप्रकाशात ठेवलेले टिटॅनियम डाय-ऑक्साइड काळवंडते. टिटॅनियम डाय-ऑक्साइड हे पांढऱ्या रंगलेपातील मुख्य रंगद्रव्य असल्याने उन्हात रंगलेप उडून त्यावर भुकटी धरणे हा त्या उद्योगाला जाचणारा दोष होता. त्यामुळे आरंभीचा बराच अभ्यास ही क्रिया कशी वापरावी यापेक्षा ती कशी थांबवावी या हेतूने झाला. लंडन येथील सी. एफ्. गुडईव्ह व जे. ए. किचनर यांनी १९३८ मध्ये टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या पृष्ठावर रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण जंबुपार प्रारण व ऑक्सिजन यांच्यामुळे होते, असे दाखविले. भारतात अलाहाबाद विद्यापीठातील नीलरतन धर व जी. गोपाल राव यांनी १९३१ मध्ये अमोनिया व अमोनियम लवणे यांच्या प्रकाशसंवेदित ऑक्सिडीकरणाचा आणि जमिनीतील नायट्रीकरणाचा संबंध मांडला. प्रकाशामुळे घन पृष्ठांवर घडणाऱ्या विक्रियांच्या आरंभीच्या अभ्यासात या कार्याचा उल्लेख केला जातो.

या विषयाला व्यापक चालना जपानमध्ये मिळाली. टोकिओ विद्यापीठातील आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे विद्युत् अग्र प्रकाशित करून पाण्याचे अपघटन होते, असे प्रसिद्ध केले. या अग्रावर ऑक्सिजन व प्लॅटिनमाच्या अग्रावर हायड्रोजन निर्माण होतो. पुढील वर्षी उद्भवलेल्या खनिज तेलाच्या टंचाईमुळे सौर इंधन म्हणून हायड्रोजन मिळविण्याच्या कल्पनेकडे जगाचे लक्ष वेधले. पाणी शुद्ध करण्याचा विचार त्याच कार्याची एक शाखा म्हणून वाढला. जे. एच्. केरी व सहकारी यांनी कॅनडात १९७६ मध्ये बहुक्लोरिनित बायफिनिलांतील क्लोरीन या मार्गाने वेगळा करता येतो, असे दाखविले. एस्. एन्. फ्रँक व ए. जे. बार्ड यांनी १९७७ मध्ये पाण्यातील सायनाइडाचे ऑक्सिडीकरण केले. १९८० नंतर ए. एल्. प्रुडन व डी. एफ्. ऑलिस यांनी ट्रायक्लोरोएथिलीन व क्लोरोफॉर्म यांवर प्रयोग केले. तोपर्यंत औषधे या यादीत आलेली नव्हती.

क्रियेचे तत्त्व व मर्यादा : अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचे दोन पट्ट असतात. खालचा संयुजा पट्ट इलेक्ट्रॉनांनी भरलेला व वरचा संवहन पट्ट जवळजवळ रिकामा असतो. दोहोंमधील ऊर्जा-अंतराइतकी वा त्याहून अधिक ऊर्जा असलेला प्रकाशकण शोषला गेला की, एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात जातो व खाली धन भाराची पोकळी राहते. या दोघांचा पुन्हा संयोग झाल्यास ऊर्जा उष्णतेच्या वा प्रकाशाच्या रूपाने वाया जाते. दोघे पृष्ठापर्यंत पोहोचल्यास पोकळी पाण्यापासून वा पृष्ठावरील हायड्रॉक्सिल गटापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते आणि इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनापासून सुपरऑक्साइड मूलक निर्माण करतो. हायड्रॉक्सिल मूलक हा पाण्यातील अत्यंत प्रखर ऑक्सिडीकारकांपैकी एक असून तो बहुतेक सर्व कार्बनी रेणूंवर निवड न करता हल्ला करतो. क्रिया शेवटपर्यंत गेल्यास कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइड होते व क्लोरीन, नायट्रोजन, गंधक इ. मूलद्रव्ये साध्या आयनांच्या रूपात उरतात. यास खनिजीकरण म्हणतात.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचे ऊर्जा-अंतर सु. ३·२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणून सु. ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाशच त्यास उपयोगी पडतो. भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेत जंबुपार प्रारणाचा वाटा जेमतेम ३ ते ५ टक्के असून दृश्य प्रकाशाचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. स्वस्त, टिकाऊ व निर्धोक अशा या उत्प्रेरकाला सूर्याच्या ऊर्जेतील बराच मोठा भाग वापरता येत नाही, हीच त्याची मूलभूत अडचण होय.

दृश्य प्रकाशाकडे वाटचाल : यावर सुचलेला पहिला उपाय म्हणजे मुळातच कमी ऊर्जा-अंतर असलेले पदार्थ वापरणे. कॅडमियम सल्फाइडाचे ऊर्जा-अंतर सु. २·४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ते निळा-हिरवा प्रकाश शोषते. परंतु प्रकाशात निर्माण झालेल्या पोकळ्या त्यातील सल्फाइडावरच हल्ला करतात व विषारी कॅडमियम पाण्यात उतरते. एक प्रदूषक काढण्यासाठी दुसरे मिसळणे परवडणारे नसल्याने पाण्याच्या शुद्धीकरणासाठी हा पदार्थ मागे पडला.

दुसरा उपाय म्हणजे टिटॅनियम डाय-ऑक्साइडात अन्य मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळणे. जपानमधील शिनरी सातो यांनी १९८६ मध्ये नायट्रोजनयुक्त टिटॅनियम डाय-ऑक्साइड दृश्य प्रकाशात क्रियाशील असल्याचे नोंदविले. आर्. असाही व सहकारी यांनी २००१ मध्ये अशाच द्रव्याची ५०० नॅनोमीटरपर्यंतची क्रियाशीलता प्रसिद्ध केल्यावर या विषयावरील लेखनाला पूर आला. तथापि नायट्रोजनामुळे निर्माण होणाऱ्या नव्या ऊर्जापातळ्या संयुजा पट्टाच्या किंचित वर असतात. तेथे उत्पन्न होणाऱ्या पोकळ्यांची हालचाल मंद व ऑक्सिडीकारक शक्ती कमी असते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

तिसऱ्या मार्गाने नवी संयुगे पुढे आली. आकिहिको कुडो व सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बिस्मथ व्हॅनॅडेट हे पिवळे संयुग दृश्य प्रकाशात पाण्यापासून ऑक्सिजन मुक्त करते, असे दाखविले. पोट्सडॅम येथील माक्स प्लांक संस्थेतील मार्कुस आन्टोनिएटी व त्यांचे जपानी व चिनी सहकारी यांनी २००९ मध्ये कार्बन नायट्राइड या धातुविरहित बहुवारिकाचे गुणधर्म प्रसिद्ध केले. या जातीचे मेलॉन हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख यांच्या १८३४ मधील कार्यापासून माहीत होते. प्रकाश-उत्प्रेरक म्हणून त्याचा विचार होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. मेलॅमीन वा यूरिया सु. ५०० ते ५५० अंश से. तापमानास तापवून ते स्वस्तात बनविता येते. त्याचे ऊर्जा-अंतर सु. २·७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून सु. ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश त्यास चालतो.

या सर्व द्रव्यांत एक समान अडचण आढळते. ऊर्जा-अंतर कमी केले की, अधिक प्रकाश शोषला जातो, परंतु पट्टांच्या कडा एकमेकींच्या जवळ आल्याने पोकळीची ऑक्सिडीकारक किंवा इलेक्ट्रॉनाची क्षपणकारक शक्ती घटते. कार्बन नायट्राइडातील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनापासून सुपरऑक्साइड सहज बनवितात, पण त्यातील पोकळ्या पाण्यापासून सरळ हायड्रॉक्सिल मूलक बनविण्याइतक्या समर्थ नसतात. बिस्मथ व्हॅनॅडेटाची स्थिती याच्या उलट आहे. त्यातील पोकळ्या प्रबळ असतात, पण इलेक्ट्रॉन सुपरऑक्साइड बनविण्यास अपुरे पडतात. म्हणून असे दोन पदार्थ जोडून एकातील निरुपयोगी इलेक्ट्रॉनांचा दुसऱ्यातील निरुपयोगी पोकळ्यांशी संयोग घडविणे व उरलेली समर्थ जोडी कामास लावणे, ही कल्पना पुढे आली. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातील दोन टप्प्यांशी तिचे साम्य आहे. इंग्रजी झेड अक्षराच्या आकारावरून तिला झेड-योजना म्हणतात. बार्ड यांनी १९७९ मध्ये तिचे प्रतिपादन केले होते व एच्. टाडा आणि सहकारी यांनी २००६ मध्ये कॅडमियम सल्फाइड, सोने व टिटॅनियम डाय-ऑक्साइड यांच्या संपूर्ण घन रचनेत ती साधली.

औषधांवरील प्रयोग : औषधी अवशेषांच्या पाहण्या प्रसिद्ध होताच प्रकाश-उत्प्रेरणाचे प्रयोग त्यांकडे वळले. जर्मनीतील टी. ई. डॉल व एफ्. एच्. फ्रिमेल यांनी २००३ पासूनच्या काळात कार्बामॅझेपिन, क्लोफायब्रिक अम्ल व क्ष-किरण चित्रणासाठी वापरण्यात येणारी आयोडीनयुक्त द्रव्ये यांचे टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या साहाय्याने अपघटन केले. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात अन्वस्ताकार परावर्तकांच्या नळ्यांतून पाणी खेळवून प्रत्यक्ष सूर्यप्रकाशात मोठ्या प्रमाणावर प्रयोग करण्यात आले. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या द्रव्यांचे प्रयोग प्रामुख्याने २०१० नंतर वाढले व त्यांत टेट्रासायक्लीन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसीन ही द्रव्ये विशेष वापरली गेली.

या प्रयोगांतून मिळालेला महत्त्वाचा धडा असा की, मूळ औषध नाहीसे होणे आणि पाणी निर्धोक होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कार्बामॅझेपिनाच्या अपघटनात ॲक्रिडीन हे अधिक विषारी द्रव्य तयार होऊ शकते. पॅरासिटामॉलपासून मधल्या टप्प्यात हायड्रोक्विनोन व बेंझोक्विनोन उद्भवतात. सिप्रोफ्लॉक्सॅसीनावरील हल्ला बहुधा प्रथम त्याच्या पिपरॅझीन वलयावर होतो. सूक्ष्मजंतूंविरुद्धची क्रिया ज्यावर अवलंबून असते तो क्विनोलोन गाभा शाबूत राहिल्यास उरलेल्या द्रव्यातही थोडाफार प्रतिजैव गुण टिकतो. म्हणून औषधाची उरलेली संहती मोजून थांबता येत नाही. एकूण कार्बनी कार्बन किती घटला हे मोजणे आणि पाण्याची सूक्ष्मजंतू, शैवले वा पाणपिसवा यांवर परीक्षा करणे आवश्यक ठरते.

मोजमापातील दोष : दृश्यप्रकाश-उत्प्रेरकांची पारख दीर्घकाळ मिथिलीन ब्ल्यूसारख्या रंगद्रव्यांवर केली गेली. द्रावणाचा रंग उडताना नुसत्या डोळ्यांनीही दिसत असल्याने ही कसोटी सोपी होती. परंतु रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते व आपला उत्तेजित इलेक्ट्रॉन उत्प्रेरकास देऊन स्वतः मोडते. अशा वेळी उत्प्रेरकाने प्रकाश शोषला नसला तरी रंग उडतो. दृश्य प्रकाशातील क्रियाशीलता ठरविण्यास मिथिलीन ब्ल्यू योग्य नाही, हे जपानमधील बी. ओतानी व सहकारी यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखविले. औषधे बहुतेक रंगहीन असल्याने ती या दृष्टीने अधिक प्रामाणिक कसोटी ठरतात. मात्र टेट्रासायक्लीन पिवळे असून ते उत्प्रेरकाच्या पृष्ठाशी बद्ध होऊन रंगद्रव्याप्रमाणेच वागू शकते. शिवाय काही औषधे उत्प्रेरकाविनाही उन्हात मोडतात. स्वित्झर्लंडमधील ग्रायफेनसे या सरोवरात डायक्लोफेनॅक सूर्यप्रकाशाने झपाट्याने नष्ट होते, असे १९९८ मध्ये दिसून आले. म्हणून केवळ प्रकाश, केवळ अंधारातील उत्प्रेरक व दोन्ही एकत्र अशा तीन प्रयोगांची तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही. अंधारातील प्रयोगाने पृष्ठशोषणामुळे नाहीसा झालेला भाग कळतो.

दुसरा दोष संहतीचा आहे. अनेक प्रयोगांत शुद्ध पाण्यात लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम औषध विरघळविले जाते. वाहितमलातील प्रमाण याच्या हजारांश वा त्याहूनही कमी असते आणि तेथे बायकार्बोनेट व नैसर्गिक कार्बनी द्रव्ये विपुल असतात. हायड्रॉक्सिल मूलक निवड करीत नसल्याने त्यांपैकी बहुतेक या द्रव्यांवरच खर्ची पडतात. त्यामुळे प्रयोगशाळेत तासाभरात पूर्ण होणारे अपघटन खऱ्या सांडपाण्यात बरेच मंदावते. औषध कारखान्यांच्या निःस्रावात प्रमाण मोठे असल्याने प्रयोगातील संहती तेथील परिस्थितीला अधिक जवळची आहे, पण त्या पाण्यात क्षार व विद्रावके यांचीही भर असते.

व्यवहारातील स्थान : बारीक भुकटीच्या रूपातील उत्प्रेरक पाण्यात ढवळल्यास क्रिया वेगाने होते, परंतु नंतर ती भुकटी गाळून काढणे खर्चाचे असते. काच वा चिनी मातीवर तिचा थर दिल्यास गाळणे टळते, पण पाण्याशी संपर्कात येणारे पृष्ठ घटते. चुंबकीय लोह ऑक्साइडाच्या गाभ्यावर थर चढवून भुकटी चुंबकाने गोळा करण्याचे प्रयोगही झाले आहेत. कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशाचा खर्च हा आणखी मोठा अडसर आहे. एका घनमीटर पाण्यातील प्रदूषकाचे प्रमाण एकदशांशावर आणण्यास लागणारी वीज हे तुलनेचे एकक घेऊन २०१८ मध्ये केलेल्या एका समीक्षेत ओझोन वापरणाऱ्या पद्धतींसाठी हा आकडा १ किलोवॉट-तासाहून कमी, तर जंबुपार दिव्यांवरील प्रकाश-उत्प्रेरणासाठी १०० किलोवॉट-तासांहून अधिक आढळला. सूर्यप्रकाश वापरल्यास विजेचा हा खर्च वाचतो, दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकाचे महत्त्व यातच आहे. मात्र त्याबदली मोठे क्षेत्र लागते व ढगाळ दिवसांत आणि रात्री काम थांबते.

या कारणांमुळे शासकीय पातळीवर स्वीकार झाला तो अन्य पद्धतींचा. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक वाहितमल संस्करण केंद्रांना सूक्ष्मप्रदूषके काढणारा जादा टप्पा कायद्याने आवश्यक केला व त्यासाठी ओझोन किंवा सक्रियित कार्बन यांचा वापर होतो. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या सुधारित निर्देशात मोठ्या केंद्रांसाठी असाच टप्पा २०४५ पर्यंत क्रमाक्रमाने उभारावयाचा असून त्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांवर टाकला आहे. भारतात औषध कारखान्यांच्या निःस्रावातील प्रतिजैव पदार्थांच्या कमाल मर्यादांचा मसुदा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु २०२१ मधील अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा समाविष्ट झाल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रतिजैव पदार्थांच्या उत्पादनातील सांडपाणी व घन कचरा यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

दृश्यप्रकाश-उत्प्रेरण हे शहराच्या संपूर्ण वाहितमलासाठी ओझोनाची जागा घेईल, अशी चिन्हे नाहीत. ऊन भरपूर, जागा उपलब्ध, पाणी थोडे पण औषधांचे प्रमाण अधिक, अशा ठिकाणी, उदा., रुग्णालये वा औषध कारखाने यांच्या सांडपाण्यावर अन्य संस्करणानंतर वा त्याच्या जोडीने, त्यास अधिक वाव आहे. त्यासाठी नवे उत्प्रेरक शोधण्याइतकेच माहीत असलेल्या उत्प्रेरकांची खऱ्या सांडपाण्यात, खऱ्या संहतीत व दीर्घकाळ परीक्षा करणे गरजेचे आहे. औषधाच्या रेणूत अखेर काय बदल झाला आणि उरलेल्या पाण्याचा सजीवांवर काय परिणाम होतो, यांची उत्तरे देणारा प्रयोगच या क्षेत्रात निर्णायक मानला जातो.